आधी खाली ठेव

दशलक्षण पर्वाचा चौथा दिवस होता. बोरिवली पूर्वेच्या मंदिरात अभिषेक व पूजा आटोपली आणि सारी मंडळी नमस्कारासाठी भूमीवर टेकली. अण्णा मात्र खांबाला हात लावून उभेच राहिले. ६३ वर्षांच्या आयुष्यात पर्वकाळातील नमस्कार त्यांनी कधी चुकवला नव्हता. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा ‘गुडघा जरा धरला आहे’ एवढेच ते म्हणाले. ते खरे नव्हते. दुखत होती ती कंबर आणि तिच्याही आधीपासून उजवा खांदा. आदल्याच दिवशी उत्तम आर्जव धर्मावरील प्रवचनात मन, वचन आणि काया यांच्या सरळपणाविषयी त्यांनी एकाग्रतेने ऐकले होते. स्त्रियांच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या पत्नीला हे उत्तर ऐकू आले नाही. पण खांबावरचा हात तिने पाहिला.

अण्णा मूळचे सांगलीचे. एका औषध कंपनीच्या हिशेब खात्यात ३४ वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या ८८ वर्षांच्या आई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. परंतु पुन्हा पडण्याची भीती मनातून गेली नाही. हळूहळू पलंग हेच त्यांचे जग झाले. दिवसा सांभाळायला बाई येत असे; पहाटे आणि रात्री आईंना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले. आईंचे वजन ४६ किलो. पहिल्याच महिन्यात अण्णांच्या लक्षात आले, की आपल्या अंगात पूर्वीचे बळ उरलेले नाही.

म्हणून ते व्यायामशाळेत गेले. हेतू चांगला होता आणि निर्णयही चुकीचा नव्हता. तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे बळ हळूहळू घटत जाते आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ज्येष्ठांसाठीही आहे. अंडे नको, कंदमुळे नकोत, सूर्यास्तानंतर काहीच नको, हे सारे ऐकून तरुण ट्रेनर प्रथम गोंधळला. मग दूध, पनीर, मूग, मटकी आणि शेंगदाणे यांवर त्याने आहार बसवून दिला. पहिले सहा महिने अण्णा हलकी वजने उचलत राहिले. आईंना उचलताना लागणारी धाप कमी झाली. जिने चढणे सोपे झाले. घरातील सर्वांनाच बरे वाटले.

बिघडले ते पुढे. हिशेबनीस माणूस, रोजचे आकडे वहीत लिहू लागले. नुसता बार २० किलोचा. त्यावर प्लेटा चढवून ४० किलो, मग ५०, मग ६०. जमिनीवरून वजन उचलून ताठ उभे राहण्याच्या प्रकाराला, म्हणजे डेडलिफ्टला, त्यांनी वहीत स्वतंत्र रकाना दिला. बाजूची मुले ‘अंकल, कमाल आहे!’ म्हणत. लहानपणी तालमीत त्यांनी जोर-बैठका काढल्या होत्या. ते दिवस परत आल्यासारखे त्यांना वाटू लागले. बार डोक्यावर नेताना उजव्या खांद्यात चमक मारू लागली, तेव्हा ट्रेनरने तो प्रकार थांबवायला सांगितले. अण्णांनी व्यायामाची वेळ बदलली; ट्रेनर नसेल अशा वेळी जाऊ लागले. घरी मलमाची बाटली कपाटातील धोतरांमागे गेली.

पर्वकाळात अण्णा दहाही दिवस एकाशन करतात. दहा दिवस व्यायामशाळेत येऊ नका, असे ट्रेनरने बजावले होते. दुसऱ्या दिवशी, उत्तम मार्दवाच्या दिवशी, सायंकाळी सातला ते तरीही गेले. पोटात सकाळचे अन्न, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. वहीतला शेवटचा आकडा ८५ होता. त्यांनी ९० लावले. बार गुडघ्यांपर्यंत आला आणि कमरेत आग लागल्यासारखे झाले. बार तिथेच सोडून देता आला असता. पण आजूबाजूला चार जण पाहत होते. त्यांनी तो पूर्ण उचलला. वहीत ९० लिहिले आणि जिन्याचा कठडा धरून घरी आले.

पुढचे दिवस लपवण्यात गेले. कमरेला सदऱ्याखालून पट्टा. झोपताना कुशीवर वळण्याआधी दीर्घ श्वास. पहाटे आईंना मात्र ते नेहमीप्रमाणे उचलत राहिले. कारण न उचलावे तर कारण सांगावे लागले असते. अनंत चतुर्दशीच्या पहाटे त्यांनी आईंच्या काखेखाली हात घातले, आईंनी नेहमीप्रमाणे त्यांच्या गळ्याला मिठी घातली आणि अर्ध्या उंचीवर असताना कमरेतून कळ गेली. अण्णा ना वर जाऊ शकत होते ना खाली. दोन-तीन क्षणांचाच प्रसंग. पण त्या क्षणांत आईंचे पाय जमिनीवरून सरकू लागले होते. आई घाबरल्या नाहीत. मुलाच्या कानाशीच त्यांचे तोंड होते. हळू आवाजात त्या म्हणाल्या, “आधी मला खाली ठेव.” अण्णा कसेबसे वाकले आणि आई पलंगाच्या कडेवर टेकल्या. मग मुलाच्या पाठीवरून हात फिरवताना सदऱ्याखालचा पट्टा त्यांच्या बोटांना लागला. त्या काही बोलल्या नाहीत. पत्नी दारात उभी होती.

क्षमावाणीच्या दिवशी घरोघर क्षमा मागण्याची आपली रीत आहे. अण्णांनी त्या दिवशी पत्नीची क्षमा मागितली आणि प्रथमच सारे सांगितले. तिने उत्तर दिले, “दुखत होतं त्याचा राग नाही. आईंना धरून उभे होता, आणि मला हाक मारली नाहीत, त्याचा आहे.”

दुसऱ्या दिवशी ते दोघे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आधी काही प्रश्न विचारले: पायात बळ कमी झाले आहे का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो आहे का, ताप येतो का, कारण नसता वजन घटले आहे का. यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही न दवडता तपासणी करून घ्यायची असते. अण्णांना यांतले काही नव्हते. कमरेचा स्नायू ताणला गेला होता आणि खांद्याच्या कंडरेला सूज होती. एमआरआय लगेच नको, असे डॉक्टर म्हणाले. साठीनंतर कणा कधीही न दुखलेल्या माणसांच्या चित्रांतही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, फुगलेल्या दिसतात. चित्र पाहून माणूस उगाच घाबरतो. अण्णांना महिनाभराच्या विश्रांतीची अपेक्षा होती. डॉक्टरांनी उलट सांगितले. पूर्वी कंबरदुखीला पडून राहायला सांगत. आता झेपेल तेवढे चालते-फिरते राहा असे सांगतात, कारण पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत उतरतात. घाई केली तर मात्र ती घर करून राहतात.

पुढचे काम फिजिओथेरपिस्ट बाईंचे होते. अण्णांचे वडील सांगलीच्या बाजारात हळदीची अडत चालवत, हे कळल्यावर त्यांनी तराजूचाच दृष्टान्त दिला. कणा ही तराजूची मधली खुंटी. पाठीचे स्नायू त्या खुंटीपासून सुमारे पाच सेंटीमीटरवर ओढतात. हातातले ओझे पुढे पन्नास सेंटीमीटरवर असेल, तर दहा किलोचा तोल सांभाळायला पाठीला शंभर किलोची ओढ द्यावी लागते; वाकलेल्या धडाचे वजन आणखी वेगळे. तेच ओझे पोटाशी घेतले, की ओढ कितीतरी कमी होते. म्हणून वजन किती, याइतकेच ते कण्यापासून किती दूर आहे, हेही महत्त्वाचे. खांद्याचे तसेच. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा मात्र उथळ बशीत ठेवलेल्या लिंबासारखा असतो. हात चारी दिशांना फिरावा म्हणून निसर्गाने ही मोकळीक दिली आणि त्याला जागेवर ठेवण्याचे काम चार लहान स्नायूंवर सोपवले. साठीनंतर त्यांच्या कंडरा झिजलेल्या असतात. वर हाडाचे छत, खाली गोळा, मध्ये कंडरा. हात डोक्यावर नेताना ती चिमटीत सापडते. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारखे अंग दुखते आणि आपोआप उतरते, ते वेगळे. एकाच जागी, तीक्ष्ण, रात्री झोपमोड करणारे दुखणे ही सूचना असते. अण्णांना दोन महिने अशी सूचना मिळत होती.

हे ऐकताना अण्णांना दुकानातले हमाल आठवले. हळदीचे पोते हात लांब करून कुणी उचलत नसे. दोघे जण ते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देत आणि तिसरा गुडघ्यांत वाकून ते अंगालगत घेई. उतरवतानाही दोघे धावत येत. एवढे करूनही चाळिशीत त्यांच्या कमरा जात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यामुळे महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. त्या माणसांना ओझे निवडता येत नव्हते. आपण ते पैसे भरून, हौसेने निवडले आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते तेवढेच विसरलो, हे अण्णांच्या मनाला लागले.

ज्यांचे आयुष्यच वजन उचलण्यात जाते, त्यांनाही या दुखण्याने सोडलेले नाही. मणिपूरची मीराबाई चानू २०१७ साली जगज्जेती झाली, २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण तिने जिंकले आणि त्याच वर्षी कंबरदुखीमुळे आशियाई स्पर्धा तिला सोडावी लागली. पाठ आणि खांदा यांच्या तक्रारींवर तिने २०२० साली अमेरिकेत जाऊन आरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे उपचार घेतले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम आणि जुलैमध्ये टोकियोत ८७ व ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक, हे त्यानंतरचे. दुखणे कबूल करून एक मोठी स्पर्धा सोडली, म्हणून पुढची उभी राहिली.

अण्णांच्या सांगलीचा संकेत सरगर तर सर्वांच्या स्मरणात आहे. वडिलांच्या पानटपरीवर बसणारा हा मुलगा ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५ किलो त्याने उचलले. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो उचलताना उजव्या कोपराला दुखापत झाली. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला, पण ते वजन पेलले नाही. एकूण २४८ किलो. मलेशियाच्या खेळाडूचे २४९. सुवर्ण एका किलोने गेले. त्या दिवशी अण्णांनी बोरिवलीत पेढे वाटले होते. आता त्यांना वाटले, त्या २१ वर्षांच्या मुलापुढे देशाचे पदक होते. माझ्यापुढे काय होते? चार अनोळखी मुले आणि वहीतला रकाना.

याच खेळाचा एक नियम फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना सांगितला. वजन डोक्यावर गेले म्हणजे प्रयत्न पूर्ण झाला असे नाही. खेळाडूने स्थिर उभे राहायचे आणि पंचांनी खाली ठेवण्याचा संकेत दिल्यावरच बार उतरवायचा. संकेताआधी टाकला तर तो प्रयत्न बाद. उचलणे, स्थिर राहणे आणि खाली ठेवणे, ही तिन्ही मिळून एक क्रिया आहे.

मग त्या घरी आल्या. आईंना कसे उचलता ते दाखवा, असे त्यांनी सांगितले. अण्णांनी नुसते हात पुढे केले आणि बाईंनी थांबवले. पलंगावर वाकून, हात लांब करून, गळ्याला मिठी घालू देऊन उचलणे, यात पाठीला आणि मानेला घातक असे सारेच होते. बारला भीती वाटत नाही, माणसाला वाटते. भ्यालेला माणूस गळ्याला घट्ट धरतो आणि त्याचा सारा भार उचलणाऱ्याच्या मानेवर, खांद्यावर येतो. बाईंनी आईंच्या अस्थिशल्यविशारदांना दूरध्वनी करून पायावर भार देण्यास हरकत नाही ना, हे विचारून घेतले. हरकत नव्हती, ती कधीच नव्हती. मग त्यांनी पलंगाची उंची लाकडी ठोकळ्यांनी वाढवली. आईंना कडेवर बसवले, त्यांचे पाय थोडे मागे, जमिनीवर सपाट ठेवायला सांगितले. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधला. दोन्ही हात पलंगावर टेकवायला लावले आणि म्हणाल्या, “आजी, आता पुढे वाका. नाक पावलांच्या पुढे जाऊ दे. आणि हातांनी पलंग दाबा.” अण्णा समोर, गुडघ्यांत किंचित वाकून, पट्टा धरून. पत्नी बाजूला. तीन मोजले.

आई उठल्या. पूर्ण ताठ नव्हे, पाय थरथरत होते. पण अण्णांच्या हातात आलेला भार फार तर दहा-बारा किलोचा असावा. बाकीचा भार आईंनी स्वतः उचलला होता. दोन पावले वळून त्या खुर्चीत बसल्या. खोलीत काही क्षण कुणीच बोलले नाही. मग आई म्हणाल्या, “मला कुणी उठायला सांगितलंच नाही. तू उचलायला यायचास.”

वर्षभर अण्णा जे ओझे एकट्याने उचलत होते, त्याचा मोठा भाग उचलण्याचे बळ त्या ओझ्यातच होते. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण ‘मी उचलतो’ या भावनेत आईंचे उरलेले बळ त्यांना दिसले नाही आणि दारातील पत्नीचा हातही दिसला नाही. जीवांनी परस्परांना साहाय्य करावे, ही आपल्या परंपरेची शिकवण आपण वाचतो. साहाय्य देणे आपल्याला सोपे जाते. घेणे अवघड जाते, आणि समोरच्याला स्वतःचे थोडे करू देणे सर्वांत अवघड.

अण्णा आता रोज सकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला फिरायला जातात आणि परतताना पोदनपूरच्या त्रिमूर्तींचे दर्शन घेतात. मध्ये आदिनाथ, दोन्ही बाजूंना भरत आणि बाहुबली. लहानपणी कुंभोजच्या २८ फुटी बाहुबलींसमोर वडिलांनी सांगितलेली कथा त्यांना ठाऊक होतीच: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध; शेवटी बाहुबलींनी मोठ्या भावाला दोन्ही हातांनी वर उचलले. कथेतला हाच क्षण मुलांना आवडतो. पण पुढे त्यांनी भरताला आपटले नाही, सांभाळून खाली उतरवले आणि राज्यही तिथेच सोडले. उभी मूर्ती आहे ती त्यानंतरच्या बाहुबलींची. हात मोकळे सोडलेले, खांदे सैल, कायोत्सर्गात. फिजिओथेरपिस्ट बाई ‘खांदे कानांकडे नेऊ नका, सैल सोडा’ असे सांगत, तेव्हा अण्णांच्या डोळ्यांसमोर हीच मूर्ती येई.

कंबर दीड महिन्यात बरी झाली. खांद्याला पाच महिने लागले: रबरी पट्टीचे हलके व्यायाम, भिंतीवर बोटांनी वर चढत जाणे, आणि हात किती वर न्यायचा हे दुखण्याला विचारून ठरवणे. व्यायामशाळा त्यांनी सोडली नाही. ट्रेनरचीही क्षमा मागितली आणि तो असेल त्याच वेळी जातात. उपवास-एकाशनाच्या दिवसांत वजनाला हात लावत नाहीत. श्वास कोंडून उचलत नाहीत, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. जमिनीवरून उचलण्याचे वजन ४० किलोंवर थांबवले आहे आणि ते खाली ठेवतानाही उचलतानाइतकाच वेळ घेतात.

वही चालू आहे. डेडलिफ्टचा रकाना आडवी रेघ मारून बंद केला आहे. त्या जागी आता तारीख आणि आईंनी दिवसात किती वेळा उभे राहून दाखवले, तो आकडा असतो. बहुतेक दिवशी चार. ज्या दिवशी दोनच होतात, त्या दिवशी अण्णा कारण लिहितात. परवाच्या नोंदीत मात्र सहा आहे, आणि पुढे त्यांच्या हिशेबी अक्षरात एवढेच: ‘सहावी खेप सूनबाईंबरोबर. मी घरी नव्हतो.’